रोज थोडं पुढं

जाम नदीच्या काठावर विजयमाला थांबली. तळवे गार पडले आणि छातीत धडधडू लागलं. पात्रात हिवाळ्याचं घोटाभर पाणी होतं. पलीकडे सावरगाव, आणि तिथलं तिचं माहेरचं कवेलूच्या छपराचं घर इथूनही दिसत होतं. तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. नवरा आज दारातूनच ‘जा’ म्हणाला होता, आणि त्याचा तिला मनापासून राग आला होता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पोळ्याची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार पाहायला ती सासरच्या काठावर उभी होती. समोरच्या काठावर तिचा भाऊ जयवंता होता. इकडून गेलेला एक दगड लागून तो पडला, तो उठलाच नाही. दगड कुणाचा, हे गोटमारीत कुणी विचारत नाही. तिनंही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून नदी दिसली की तिचा श्वास कोंडायचा. मग बाजारातल्या गर्दीत कोंडू लागला, मग गल्लीत. शेवटी तिनं उंबरा ओलांडणंच सोडलं.

कुणी तिला भित्री म्हटलं, कुणी देवळातला अंगारा आणून लावला. यशवंतराव मास्तरांनी मात्र बायकोला एका शब्दानं दुखावलं नाही. भाजी तेच आणत, दळण तेच नेत. सावरगावहून तिच्या आईलाही तेच हाताला धरून नदीतून घेऊन येत. अख्खं गाव हसे, पण मास्तरांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

शेवटी त्यांनी तिला नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं. गाडीत ती वाटभर डोळे मिटून बसली होती. डॉक्टर म्हणाले, “हा भित्रेपणा नाही, आजार आहे. बरा होतो. पण मास्तर, तुम्ही मायेपोटी तो पोसताय. जिथून ती पळते, तिथं तिला रोज थोडं पुढं न्या. धडधड वाढली की तिथंच थांबायचं. ती आपोआप उतरते, हे तिच्या जिवाला कळू द्या. ओढून नेऊ नका आणि आयतं हातातही देऊ नका.”

मग विजयमाला बाहेर बाकावर बसली. मास्तर आत बराच वेळ होते. बाहेर आल्यावर म्हणाले, नीट समजून घेत होतो.

पुढं राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं आणि राजधानी भोपाळला गेली. एक दिवस मास्तर म्हणाले, “माही बदली होऊन राहिली. भोपाळकडं. तुले काही दिवस एकटीनं राहा लागन.”

ती दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून दारात उभी राहिली.

आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत, मग भर बाजारात. थरथर कापायची, पण उभी राहायची. मग नदी आली. सुरुवातीला मास्तर काठापर्यंत सोबत येत. नंतर ते अलीकडच्या चिंचेखाली बसू लागले. मग गल्लीच्या तोंडाशीच थांबू लागले. ती पुढं जाई तसतसे ते मागं राहत. डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल, असं ती समजे. तरी कधीकधी चिडायची. “दोन पावलं आले असते तं झिजले असते का तुम्ही?” मास्तर नुसते हसत.

आज काठावर ती तशीच उभी राहिली. धडधड वाढली, वाढत गेली, आणि मग खरोखरच उतरू लागली. तिनं पाण्यात पाय टाकला. जयवंता पडला होता तिथं ती क्षणभर थांबली. तिथं नुसते गोटे होते. तिला भावासाठी रडू आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रडतच ती पलीकडे गेली.

अंगणात तुरी पाखडणारी तिची माय, शकुबाई, तिला पाहून सूप टाकून उठली. “एकटी आली वो माय?” दोघी गळ्यात पडल्या. शेजारचे भगवंतराव कुंपणापाशी आले. ते मास्तरांच्याच शाळेचे हेडमास्तर. विजयमाला डोळे पुसत त्यांना अभिमानानं म्हणाली, “आता याईची बदली झाली तरी मी राहीन एकटी.”

“कोणाची बदली?” भगवंतराव म्हणाले. “वहिनी, त्याईले तं आता फळ्यापर्यंत चालवत नाही. खुर्चीवर बसूनच शिकवून राहिले. नागपूरच्या डॉक्टरनं हृदयाचं सांगतलं ना? तुमाले माहीत नाही का?”

ती मागं फिरली. नदी कधी आली नि कधी गेली, तिला कळलं नाही.

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. “आली? नदीत धडधडलं का?”

ती त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसली. त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता.

“उद्यापासून तुम्ही चला,” ती म्हणाली. “आधी पायरीपर्यंत. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. रोज थोडं पुढं. मी आहे सोबत.”

मास्तर हसले. हसता हसताच त्यांना दम लागला. तो ओसरेपर्यंत ती थांबली.

“तुह्या आजाराले औषध होतं, विजू,” ते म्हणाले.