दारातलं ओलं

दारात किल्ली फिरवून फोरमन घरात आला, की कुत्रं हमखास पायपुसण्यावरच मुतायचं. मग कमरेचा पट्टा निघायचा. शेवटी नवरा-बायको त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"दोन वर्षांचा घोडा झाला, पण मार खाऊनही अक्कल येत नाही," फोरमन म्हणाला.

बाईंनी कुत्र्याला तपासलं. "आजार काही नाही. तुमच्या भीतीनं होतंय त्याला. मारणं थांबवा, आपोआप बंद होईल."

फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चल, निघू," तो बायकोला म्हणाला.

ती उठली नाही. मान खाली घालूनच तिने विचारलं, "बाई, आमची धाकटी सात वर्षांची झाली, तरी रोज गादी ओली करते. तेही भीतीनंच होत असेल का हो?"