दगडाची पारख

“हिरवा की करडा?” दुकानदाराने विचारलं. “दोन्ही जुन्या काळचे. असं जाड बिडाचं लोखंड आता औषधालाही मिळत नाही.”

लेकीने वडिलांकडे पाहिलं. वडील दुकानदाराच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं बोलून झालं तसं त्यांनी धार लावायच्या हिरव्या ग्राइंडरच्या, दगड फिरतो त्या दांड्याला हात घातला आणि तो वरखाली हलवून पाहिला. मग करड्याचा.

पत्र्याच्या त्या लांबट खोलीत मोडकी यंत्रं छातीपर्यंत रचलेली होती. चालायची वाट तेलाने काळी झाली होती. लेकीला इथं यायचं नव्हतं. पण दुसरा इलाज नव्हता.

तिचा नवरा घरामागच्या शेडमध्ये धार लावायचं काम करायचा. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, सुतारांच्या पटाश्या. मागच्या वर्षी ग्राइंडरचा दगड फिरता फिरता फुटला आणि त्याचा उजवा डोळा गेला. दगड कोरा करकरीत होता. पोटातला तडा कुणाला दिसला नव्हता. तेव्हापासून शेड बंद होती, आणि एका डोळ्याच्या माणसाला दुसरं काम कुणी देत नव्हतं.

“उरलेला डोळा मला हवाय,” तिने नवऱ्याला बजावलं होतं. “ग्राइंडर येईल तो बाबांनी दगड वाजवून पारखल्यावरच. नाहीतर उपाशी राहू.”

कारखान्यात वडिलांना सगळे डॉक्टर म्हणायचे. कुरकुरणाऱ्या यंत्राला लाकडी दांडा टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि रोग सांगायचा. यंत्र बरं व्हायचं, डॉक्टरांना फी म्हणून अर्धा कप चहा मिळायचा. आयुष्य त्या घणघणाटात गेल्यामुळे ते साधं ‘बस’ म्हणाले तरी शेजारची माणसं बसायची.

“हिरव्याचा दांडा हलतोय,” ते आताही दुकान दणाणून म्हणाले. “करडा घट्ट आहे.”

लेकीने त्यांच्या कोपराला हात लावला. ते वळले. “आणि दगड, बाबा?”

“बघणार ना. त्याच्यासाठीच तर आणलंस मला.”

दुकानदाराने दोन्ही दगड सोडवून दिले. वडिलांनी हिरव्याचा दगड बोटावर टांगला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक केली. डोळे मिटलेले. दगड खणखणला. अखंड दगड असाच बोलतो, तडकलेला घुम्यासारखा गप्प बसतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

मग करड्याचा दगड. तेवढ्यात बाहेरून ट्रक जायला लागला. वडिलांनी तो जायची वाट बघितली नाही. तसेच डोळे मिटून पेचकसाच्या मुठीने टकटक केली आणि मान डोलावली.

“दोन्ही ठणठणीत. करडा घे.”

लेकीला तो आवाज जरा दबका वाटला. पण ट्रकची धडधड होती आणि दगड जाडही होता. एवढ्या गोंगाटात यांना ऐकू आलं याचं तिला कौतुकच वाटलं. तरी भीती जाईना.

“पुन्हा एकदा वाजवता?” तिने विचारलं.

वडील पाठ करून हात पुसत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. रागावले असावेत. डॉक्टरला कुणी दोनदा नाडी बघायला सांगतं का, असं मनात म्हणत ती ओशाळली.

दुकानदाराने एकदा करड्या दगडाकडे आणि एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग तो घाईने दगड परत बसवायला लागला. “पारखी माणसापुढे मी काय बोलणार, ताई,” तो म्हणाला.

घरी आल्यावर जावयाने ग्राइंडर बाकावर घट्ट बसवला. कितीतरी महिन्यांनी तो शीळ घालत होता. सासरे त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

आईही वडिलांबरोबर लेकीकडे राहायला आली होती. ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. लेक तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिला एकदम रडू आलं.

“झालं ना मनासारखं? मग आता काय?”

“काही नाही. सुटल्यासारखं वाटतंय. आई, बाबा हल्ली माझ्याकडे किती टक लावून बघतात गं. मी बोलायला लागले की नजर हलवत नाहीत. माझ्या काळजीने खंगलेत.”

आईने नळ बारीक केला.

“तिथंही एवढा वेळ उभे राहिले,” लेक डोळे पुसत म्हणाली. “दांडे हलवून बघितले, करडा पसंत केला.”

“हाताला कळतं त्यांच्या.”

“हाताला कसलं, कानाला! दोन्ही दगड वाजवून बघितले. डोळे मिटून. बाहेर ट्रक धडधडत होता, तरी ठणठणीत म्हणून सांगितलं.”

आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“वाजवून बघितले?”

“हो. का?”

शेडमध्ये बटणाचा खटका वाजला. मोटरची घरघर सुरू झाली आणि चढत चालली. जावई काहीतरी गमतीचं बोलला, स्वतःच हसला.

“तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती गं मला,” आई म्हणाली. “उन्हाळ्यापासून त्यांना दोन्ही कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नाही.”