मुकं दार

वायरमनने आपल्याच दाराबाहेर उभं राहून बेलची तुटकी वायर जोडली. दुकान बुडाल्यावर कर्जवसुलीची माणसं बटणावरचं बोटच काढेनात, तेव्हा त्यानेच ती वैतागून तोडली होती. तेव्हापासून गावभर बेल बसवत फिरणाऱ्याचं स्वतःचं दार मुकंच होतं. आज शेवटचा हप्ता भरून तो मोकळा झाला होता, आणि ही बातमी बायकोला बेल वाजवूनच द्यायची होती. आत ती गाणं म्हणत भांडी घासत होती. त्याने बटण दाबलं. गाणं जागच्या जागी थांबलं. नळ बंद झाला, मग दिवा, मग पंखा. घर असं गप्प करायला त्यानेच शिकवलं होतं, पण ती शांतता बाहेरून कधी ऐकली नव्हती. दारामागे कुजबुज झाली, आणि लेक घडाघडा म्हणाली, “बाबा घरी नाहीत. कधी येतील, माहीत नाही.”