बुधवारचा डबा

अहवालात ‘नामशेष’ एवढा एकच शब्द लिहायचा राहिला होता आणि संयोगिताबाईंचं पेन काही पुढे सरकत नव्हतं.

टेबलावर बाटली होती. तिच्यात बोटभर लांबीचा, रंग उडालेला मासा. कोल्हापुरातल्या या कॉलेजच्या संग्रहालयातला हा मूळ नमुना. बाईंच्या सरांनी या एका माशावरून नवी जात जगाला सांगितली होती. पुढे कुणाला तसा मासा सापडलाच, तर तो याच्याशी ताडून बघायचा. खूण पक्की होती : डोळ्याखाली तीन टोकांचा काटा. बाटलीवरच्या चिठ्ठीत ठिकाण होतं, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचा ओढा.

सर गेले. त्यांच्यामागे नऊ वर्षं बाई त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात वाकल्या. जाळं धरायला शिपाई गुंडूमामा. मामांनी जाळं धरायचं आणि बाईंनी मासे पारखायचे, अशी वाटणी होती. नेमकं काय शोधतोय हे मामांना सांगायचं कुणाला सुचलंच नाही. हाती लागले ते खेकडे आणि कंबरदुखी.

आता निवृत्ती आठवड्यावर आली होती. बाई थकल्या होत्या, झोपेनंही जाणार नाही असा तो थकवा. सरांचा मासा आपल्या हातून संपला, हे त्यांना सोसवत नव्हतं.

दुपार झाली. मामांनी बुधवारचा डबा पुढे सरकवला. श्रावण संपला की दर बुधवारी त्यांच्या बायकोच्या, चिमणाबाईंच्या हातचं माशाचं कालवण यायचं. बाईंनी भाकरी मोडली, पण नजर कागदावरच.

“संपला मासा, मामा. आज लिहून टाकते.”

बाईंचे डोळे भरलेले बघून मामा स्टुलावर टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मॅडम, त्या दिवशी मी जोतिबाला गेलतोच न्हाय.”

“कुठल्या दिवशी?”

“सरांनी मासं आणाय धाडलं तवा. हिला कळा सुटल्या हुत्या, थोरलीच्या येळंला. मी घरीच, गडमुडशिंगीला थांबलो. सांजच्याला घरामागच्या ओढ्यात टावेल लावला आन् बाटली भरली. मासा त्यो मासा, म्हटलं. सरांनी चिठ्ठीवर जोतिबा लिवलं. पुढं त्येंचं एवढं नाव झालं, मग तोंड उघडायचं धाडस झालं न्हाय.”

“आणि नऊ वर्षं माझ्याबरोबर जाळं धरलंत!”

बाईंना संताप आला, पण आरडाओरडा करायलाही अंगात त्राण नव्हतं. त्यांनी कालवणात बुडवलेला घास तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानंच विचारलं, “तुमच्या त्या ओढ्यात डोळ्याखाली तीन टोकांचा काटा असलेला मासा आहे का अजून?”

मामांनी चमकून पाहिलं.

“त्यो व्हय? हाय की, रग्गड. लई टोचतोय. म्हणून तर ही मुंडकी मोडूनच तुमचं कालवण करती.”

बाईंच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.