राखेचा बुधवार

ईशानीने फोन पर्सच्या तोंडाशी उभा टेकवला, कॅमेऱ्यापुरता बाहेर ठेवला आणि वरून ओढणी सोडली. बटण आधीच दाबलेलं होतं.

लेकीला, रेवाला शेजारी बसवून सगळ्यात मागचा बाक तिने मुद्दाम धरला होता. लग्न होऊन देवासला आल्यापासून या चर्चवरून ती कितीदा तरी गेली होती, आत मात्र आज पहिल्यांदा. निमित्त मोनाचे डबे परत करायचं. रिकामे कसे द्यायचे, म्हणून त्यांत शंकरपाळे भरले होते.

थंडीत रेवाला न्यूमोनिया झाला. नवरा नोकरीपायी धामनोदला, घरी सासूबाई गुडघेदुखीने अडकलेल्या. तेव्हा मोना आणि चर्चच्या बाकीच्या बाया रोज इस्पितळाच्या वॉर्डात डबे घेऊन यायच्या. फक्त तिलाच नाही, सगळ्या खाटांना. रेवासाठी वेगळी बिनतिखटाची खिचडी. बदल्यात कधी काही मागितलं नाही. प्रार्थना करू का, एवढंसुद्धा विचारलं नाही. ईशानीला खटकलं ते हेच. एम.कॉम. झालेली बाई, फुकटची योजना दिसली की खालची बारीक अक्षरं आधी वाचायची तिला सवय होती.

तिचे दीर विक्रमसिंह तर ठाम होते. मागतील, धर्मच मागतील, घाई नसते त्यांना, असं ते म्हणाले होते. "जाताच आहात वहिनी, तर एक व्हिडिओ बनवून आणा. बाकी आम्ही पाहून घेऊ."

आम्ही म्हणजे कोण, ते तिने विचारलं नव्हतं.

आज ख्रिस्ती लोकांच्या उपासांचा पहिला दिवस. लोक रांगेने पुढे जात होते आणि फादर वाटीतली राख अंगठ्याने एकेकाच्या कपाळाला लावत होते. प्रत्येकाला तेच वाक्य: "याद रख, तू मिट्टी है और मिट्टी में मिल जाएगा." म्हाताऱ्याला तेच, कडेवरच्या लेकरालाही तेच. लहान पोरांना असं कोणी म्हणतं का?

सगळं नीट येतंय ना, म्हणून तिने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर रेवा दिसली.

मोनाच्या मागे, तिच्या ओढणीचं टोक धरून, रांगेत. वॉर्डातही ती असंच टोक धरून हिंडायची. मोना हात जोडून, डोळे मिटून सरकत होती. तिला पत्ताच नव्हता. ईशानीने शेजारी हात फिरवला. बाक रिकामा. पोरगी उतरली केव्हा?

हाक मारली असती तर रेवा थांबली असती. मोनाच्या पुढे आता एकच माणूस उरला होता. ईशानीने तोंड उघडलं, आणि मिटलं. जे मिळवायला ती आली होती ते आपल्या पायांनी चालत निघालं होतं. तिने हाक मारली नाही. फोन पर्समधून काढून थोडा वर धरला.

मोना राख घेऊन बाजूला झाली. रेवा पुढे सरकली. तिने दोन्ही हातांनी कपाळावरचे केस वर धरले आणि डोळे घट्ट मिटले. घरी आजी टेकडीवरच्या माताजीचा अंगारा लावते तेव्हा ती अशीच उभी राहते.

"मला पण अंगारा," ती म्हणाली.

फादरांचा अंगठा कपाळाजवळ आला आणि थांबला. ही पोर आपल्यातली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात इतका झटकन मागे घेतला की वाटीतली राख पांढऱ्या झग्यावर सांडली. मम्मी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. रेवाने डोळे न उघडताच मागे बोट केलं.

सगळं चर्च वळलं. फोन ईशानीच्या हातात होता, त्यांच्याकडे रोखलेला. गाणारे थांबले. पुढच्या बाकांवरच्या बायांनी आपापल्या लेकरांची तोंडं पदराखाली घेतली.

फादर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले. "बहनजी, हमने बच्ची को छुआ नहीं है. आप देख लीजिए."

मोनाने रेवाला हाताला धरून मागे आणलं. मोनाच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. ती चिडलेली नव्हती, आणि ईशानीला ते जास्त लागलं. तिने मोनाच्या समोरच व्हिडिओ काढून टाकला, फोन तिच्याकडे वळवून दाखवला, दीदी, पुसला, रेवाची शपथ, असं काहीबाही बोलली. मोनाने फोनकडे पाहिलंच नाही. ती ईशानीच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"बाहर कोई खड़ा तो नहीं है ना?"

ईशानी नाही म्हणणार होती. पण भाऊजींनी तिला फाटकाशी उतरवलं होतं, आणि त्यांची गाडी परत सुरू झाल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

तिने रेवाला उचललं आणि मोनाच्या कडेवर दिलं. मग ती एकटीच दारापर्यंत गेली, बाहेर पायरीवर उतरली आणि दाराच्या दोन्ही फळ्या तिने आपल्यामागे ओढून घेतल्या.