शामच्या नोंदी

दुपारी तीन वाजता संगणकाच्या पडद्यावर शामच्या नावाच्या खिडकीत स्क्रोलबार उमटला.

यवतमाळच्या दवाखान्याचा प्रोग्राम पुष्पानेच लिहिला होता. मोठ्या खिडकीत प्रत्येक रुग्णाची छोटी खिडकी. नोंदी मावेनाशा झाल्या तरच स्क्रोलबार. रुग्ण दगावला की नोंदी तिथेच संपत. कपाशीवर फवारताना विषबाधा झालेला तिचा भाऊ शाम दोन दिवस तिथेच बेशुद्ध होता. त्याच्या नोंदी दोनच होत्या.

"तुह्या कम्प्युटरले येड लागलं काय वं?" पडद्यावरची नवी पट्टी बघून वॉर्डातल्या कांतामावशींनी विचारलं.

"स्क्रोलबार आला म्हंजे खाली अजून नोंदी हायेत, मावशी."

तिने स्क्रोलबारचा ठोकळा खाली ओढला. कोऱ्या ओळी होत्या, पण प्रत्येकीला तारीख होती. उद्याची, परवाची, पुढच्या दिवाळीची. यादी लांबत गेली तसा ठोकळा आखूड होत गेला. तिने कोड तपासला. चूक सापडली नाही.

पाच वाजता शाम अजून बेशुद्धच होता. तारखा २०४१ पर्यंत पोहोचल्या होत्या आणि तळ आलेला नव्हता.