चौथ्या प्रश्नानंतर

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या डेल्फिनला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. ध्वनिमुद्रित मुलाखतीतला प्रत्येक आवाज लिहून काढायचा, काही गाळायचं नाही.

कॅनडातल्या सॅस्काटून शहरातल्या त्या मळकट दुपारी तिने अकरा मुलाखती ऐकल्या. प्रत्येकीत चौथ्या प्रश्नानंतर तीच एक बाई काहीतरी पुटपुटत होती.

"तेवढं सोडून दे. आम्ही सगळेच सोडतो," जुना सहकारी टोबायस मान खाली घालून म्हणाला.

"अरे, पण ती आहे कोण?"

तो कोट उचलून निघून गेला.

बारावी मुलाखत तिने स्वतः घेतली होती, एका म्हाताऱ्याची. तेव्हा खोलीत दोघंच होती. चौथ्या प्रश्नानंतर तिने ध्वनिमुद्रणाचा आवाज वाढवला. बाई स्पष्ट म्हणाली, "याला मी ठेवून घेते."

मग डेल्फिनला स्वतःचाच आवाज ऐकू आला. असं बोलल्याचं तिला मुळीच आठवत नव्हतं.

"नको गं. आजोबांना घरी जाऊ दे. मी राहते."